कावीळ झाली होती म्हणायचं

मला जन्मात कधी कावीळ झालेली नाही. तरीही आमच्या गावात मी काविळीतून वाचलेली बाई म्हणून ओळखली जायचे. गाव किल्लारीच्या अलीकडचं, भूकंपानंतर नव्याने वसवलेलं. सगळ्या गल्ल्या सरळ, सगळी घरं एका मापाची, त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय ते चार घरांवरून दिसतं. मी माहेरी गेले की शेजारची काकू चहाच्या आधी माझी पापणी खाली ओढून डोळे बघायची. उन्हाकडे तोंड करायला लावायची आणि समाधानाने म्हणायची, "आता पिवळं न्हाई बग." घरात भजी तळली की ताट माझ्यापुढून पुढे सरकायचं, कारण तळलेलं काविळीला वाईट. आणि माझी धाकटी बहीण, माझ्याहून बरीच लहान, मी येणार कळलं की फाट्यावरच्या रसवंतीतून उसाचा रस बाटलीत भरून आणून ठेवायची. मला उसाचा रस मुळीच आवडत नाही. पण खोटं बोलायचं म्हटलं की ते निभवावंही लागतं, म्हणून मी तो नाक दाबून प्यायचे.

ही कावीळ माझ्या आईने शोधून काढली होती. माझी मुलगी झाली तेव्हा मला जे झालं त्याला डॉक्टरांनी नाव दिलं होतं, आणि ते नाव आईला घरात येऊ द्यायचं नव्हतं.

ते काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पहिलं बाळंतपण म्हणून मी नांदेडहून माहेरी आले होते. गरोदरपणात मला कोणी काय सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. पपई खाऊ नको. उंबऱ्यावर बसू नको. ग्रहणात विळी हातात घेऊ नको. दवाखान्यात गेलं की गोळ्या, सोनोग्राफी, बीपी, पायाची सूज. केसांपासून नखांपर्यंत सगळ्याची चौकशी झाली. बाळंतपणानंतर बाईचं डोकंही आजारी पडू शकतं, हे एवढं एक वाक्य मात्र कुणाच्याच तोंडून निघालं नाही. याचा मला आजही संताप येतो.

मुलगी झाली आणि माझी झोप गेली. बाळ झोपलं तरी मी टक्क जागी. आणि त्याचा त्रास व्हावा, तर तोही नाही. अंगात एवढं बळ आलं होतं की बाळंतिणीने उठायचं नसतं हे विसरून मी घरातले डबे घासायला काढले. बोलत तर अखंड होते. आत्या कौतुकाने म्हणाली, "लई हुशार बाळंतीण हाय." आई खूश. सगळ्या घरात एक माणूस असा नव्हता ज्याला वाटलं असेल की बाळंतीण झोपत का नाही ते बघावं.

मग पाचवी आली. बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात, आणि बाळंतिणीने ती रात्र जागून काढायची असते. जिला आधीच झोप नव्हती तिला मुद्दाम जागं राहायला सांगितलं गेलं.

दिवेलागणीला पूजा मांडली आणि मला सटवाई दिसली. दिसल्यासारखी नाही, दिसलीच. कोपऱ्यात धान्याच्या कणगीला टेकून बसली होती. हिरवं पातळ, कपाळभर कुंकू. मी सगळ्या बायांना तसं सांगितलं. झालं. गल्लीने डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पाया पडली. या चुकीबद्दल मला कुणाचा राग धरता येत नाही. देवी येणार म्हणून घरभर दिवे लावून बसलेल्या बायांना एकीने सांगितलं की देवी आली, तर त्या नारळ आणतील की डॉक्टर? एकीने विचारलं, पोराचं लग्न जमेल का. मी म्हणाले, जमेल. दुसरीची म्हैस हरवली होती. मी म्हणाले, उद्या येईल. आणि दुसऱ्या दिवशी म्हैस आपल्या पायांनी चालत गोठ्यात आली, जशा सगळ्या म्हशी येतात. मग काय विचारता. आमच्या दारात चपलांचा ढीग. आईने सगळ्यांना चहा केला.

मी आजारी होते आणि लोक माझी ओटी भरत होते. त्यात वेळ गेला.

मग सटवाईचं बोलणं बदललं. ती मला सांगायला लागली की ही मुलगी तुझी नाही. तुझी मी नेली, ही दुसऱ्याची ठेवलीय, हिला परत दे. मला ते इतकं स्वच्छ पटलं होतं की त्यात भीतीही नव्हती. भर दुपारी मी मुलीला पदरात गुंडाळून घराबाहेर पडले आणि विहिरीच्या वाटेला लागले. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलांना पाणी पाजत होते. त्यांनी विचारलं, "कुठं गं, उन्हाचं?" मी म्हणाले, "हिला परत द्यायला." अण्णा तसे दिवसाला मोजकी वाक्यं बोलणारे. त्यांनी बादली खाली ठेवली, माझ्या हातातून बाळ घेतलं आणि पुन्हा काही न विचारता जीप बोलावली.

लातूरला ज्या डॉक्टरीणबाईंनी बाळंतपण केलं होतं त्यांनी मला बघताच मनोविकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला भरती करून घेतलं. औषधं सुरू झाली आणि मी झोपले. सटवाई आधी बोलायची थांबली, मग दिसायची थांबली. काही आठवड्यांनी आईने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा ती माझी होती. तिची ती चपटी हनुवटी थेट माझ्या नवऱ्याची. मी एवढी रडले की परिचारिका धावत आली. तिला वाटलं, पुन्हा बिघडलं. मी आयुष्यात त्या दिवसाइतकी आनंदात कधी नव्हते.

घरी सोडताना डॉक्टर आईला म्हणाले, "हा आजार आहे. हिच्या स्वभावाचा दोष नाही, बाहेरचं काही नाही. वेळेत आणलं की पूर्ण बरा होतो. पण पुढच्या बाळंतपणात पुन्हा होऊ शकतो. आणि धाकटी बहीण आहे ना हिला? तिच्या वेळी जपा. तिला आधी सांगून ठेवा." आईने मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "कावीळ झाली होती म्हणायचं."

मी औषधांच्या गुंगीत होते. आणि आईचंही अगदीच खोटं नव्हतं. थोरलीला वेड लागलं होतं म्हटल्यावर धाकटीला कोण करून घेणार होतं? बहीण तेव्हा शाळकरी पोर होती, लातूरच्या वसतिगृहात राहायची. तिला कावीळच सांगितली. गल्लीलाही तेच. गल्लीने देवीची आणि काविळीची सांगड कशी घातली कोण जाणे, पण घातली. देवी येऊन गेली की अंग पिवळं पडतं, असंही एक शास्त्र काकूने तयार केलं.

मी पुढे दुसरं मूल होऊ दिलं नाही. नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही. नांदेडला शाळेत शिकवत राहिले, मुलगी मोठी होत राहिली. बहिणीचंही लग्न झालं. तिचा नवरा किनवटकडे आश्रमशाळेत शिक्षक. लग्नानंतर दोनेक वर्षांत तिचा फोन आला, लाजत लाजत. मी ओरडलेच आनंदाने. मग फोन ठेवला. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं.

मी आईला फोन केला. म्हटलं, आता तिला सांगायला हवं.

"काय सांगायचं?" आई म्हणाली.

"मला काय झालं होतं ते."

"तुला शपथ हाय माझी. गरवार बाईच्या कानावर असलं घालायचं नस्तंय. जे ऐकलं तेच हुतंय."

"ऐकून होत नाही, आई. मी काय ऐकलं होतं? मला झालंच की."

"तू गप ऱ्हा. तुझं झालं गेलं, निस्तरलं. तिच्या जिवाला घोर लावू नको."

आईशी भांडणात मी कधी हरत नाही, पण शपथ घातली की माझं तोंड बंद होतं. शपथेवर माझा विश्वास नाही. आईवर आहे, हीच अडचण. शिवाय आतून मलाही भीती होती. माझी बहीण मला फार मानते. मुलीला घेऊन विहिरीकडे निघालेली आक्का तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, तर त्यानंतर ती माझ्याकडे कशी बघेल? असे महिने गेले. तिचं पोट वाढत होतं आणि माझी झोप कमी होत होती. झोप कमी झाली याचीही मग मला भीती वाटायची.

तपासणीला ती किनवटहून रेल्वेने नांदेडला यायची आणि माझ्याकडे उतरायची. एकदा मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई नवीन होत्या, तरुण, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली. घरात कुणाला साखर? बीपी? जुळी? बहीण उत्तरं देत होती. मग त्याच चालीत त्यांनी विचारलं, "आई, बहीण, कुणाला बाळंतपणानंतर मनाचा त्रास? भास होणं, विचित्र वागणं?"

बहीण हसली. "नाही हो मॅडम. आमच्या आक्काला बाळंतपणात कावीळ झाली होती, तेवढीच."

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. मला वाटलं, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही.

"कावीळ नव्हती," मी म्हणाले.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरीणबाईंकडे बघत सगळं सांगितलं. झोप, सटवाई, म्हैस, विहिरीची वाट, लातूर. त्या लिहून घेत होत्या. मग त्यांनी खुर्ची बहिणीकडे वळवली. म्हणाल्या, "घाबरू नका. बहिणीला झालं म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही. बहुतेकींना काहीच होत नाही. पण तुमच्या बाबतीत आपण डोळे उघडे ठेवायचे. झालं तर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत होतं आणि एकदम वाढतं. तेव्हा बघू, उद्या नेऊ, असं करायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. बाळंतपण माहेरी, तिकडेच होणार ना? मग लातूरच्या डॉक्टरांशी मी आधीच बोलून ठेवते."

बाहेर पडल्यावर बहीण माझ्यापुढे भराभर चालायला लागली. त्या पोटाने. मी हात धरायला गेले तर झटकला. रिक्षात तोंड फिरवून बसली. घरी आल्यावर स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि मी सोलायला ठेवलेल्या तुरीच्या शेंगा पुढे ओढून घेतल्या. ती सोलायला लागली.

"म्हणजे तो रस?" तिने विचारलं.

"नाक दाबून प्यायचे."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "बाटली धरून बसमध्ये उभी राहायचे मी तुझ्यासाठी. सांडू नये म्हणून. एवढी वर्षं, आक्का! मी काय परकी होते?" मी शेंगा सोलत राहिले. मग तिने डोळे पुसले आणि एकदम कामाचं विचारलं. ती आहेच तशी, रडणं उरकून घेते.

"सुरुवात कशी होते?"

"छान वाटतं," मी म्हणाले. "हीच तर सगळी लबाडी आहे. झोप येत नाही आणि त्याचं काही वाटत नाही. आपण लई हुशार आहोत असं वाटतं. कुणाची चिडचिड होते म्हणे, कुणाला संशय येतो. मला छान वाटलं होतं."

"मग मला कळणारच नाही की."

"सुरुवातीला कदाचित कळेल. पुढे नाही."

"मग मी काय करायचं ते मी करते. पण माझ्याजवळ जे असतील त्यांना कळलं पाहिजे." तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. माणूस तसा अबोल, जंगलातल्या शाळेत राहून आणखीच अबोल झालेला. सगळं ऐकून त्याने विचारलं, "मला काय काय करावं लागंल तेवढं सांग." त्या दिवसापासून तो माणूस मला सख्ख्या भावासारखा वाटतो.

राहिली आई. सातव्या महिन्यात बहीण माहेरी गेली आणि पहिल्याच दिवशी आईपुढे बसून बोलली. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. आई बाळंतपणासाठी जुन्या लुगड्याची दुपटी शिवत होती. बहीण म्हणाली, "आई, मला सगळं ठाऊक आहे. मला झोप आली नाही, मी नको तेवढी खुशीत दिसले, बाळाबद्दल काही वाकडं बोलले, तर त्याच दिवशी लातूर. आणि पाचवीला मी जागणार नाही. सटवाईला सांग, बाळंतीण झोपलीय, तुझं तू लिही." आईने सुईत दोरा ओवला आणि शिवत राहिली. ना हो म्हणाली, ना नाही.

माझ्याशी मात्र आईने बोलणं सोडलं. मी फोन केला की अण्णांच्या हातात. अण्णा म्हणायचे, "बरं हाय समदं." बहिणीची रोज मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जात होती. ती कुणाची लागली म्हणून, ते मला कळत होतं. मला आईचा राग यायचा आणि भीती वाटायची. कारण बाळंतिणीच्या खोलीत चोवीस तास असणार होती ती आईच. तिने डोळे मिटले तर बाकी सगळ्यांचं जागं असणं काही कामाचं नव्हतं.

मुलगा झाला, लातूरलाच. मी दोन दिवस होते. बहीण छान झोपली, बाळ प्यायला लागलं, सगळे घरी गेले. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, मला परत यावं लागलं. नातू झाल्यावर आईचा अबोला सुटला होता. मी रोज फोन करून एकच विचारायचे, "झोपली का?" आई म्हणायची, "निजली की."

पाचवीच्या दिवशी सकाळी शाळेत जाता जाता फोन केला. आई म्हणाली, "लई हुशार हाय बाई. पहाटपासून बोलूनच राहिलीय. चुलीवर पाणी ठिवायला उठली हुती."

मी रस्त्यातच थांबले. "झोपली का?"

"बाळ निजलंय."

"आई, ती झोपली का?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. बहिणीचा नवरा बाळासाठी गावी आला होता, त्याचा फोन लागेना, गावात तो कधी लागतो, कधी नाही. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, मुलीची शेजारी सोय केली आणि लातूरची बस धरली. त्या बसमध्ये मी आईला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मला सगळं दिसत होतं. पाटा-वरवंटा, बायांचे पदर, माझ्या बहिणीच्या पायाशी वाकलेल्या त्याच बाया, आणि चहा करणारी आई. लोहा गेलं. शेजारची बाई मला शेंगदाणे देत होती आणि मी तिच्यावर खेकसले. नंतर माफी मागितली. तिने तरीही शेंगदाणे दिले.

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा फोन वाजला. आई.

"कुठं हायस?"

"अहमदपूरला. आई, ऐक माझं..."

"मंग लातुरातच उतर. फुडं गावाकडं यिऊ नको. आमी तिला घिऊन निघालोत."

मी बसमध्येच रडले. शेंगदाणेवाल्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

दवाखान्यात पोचले तेव्हा बहीण खाटेवर बसली होती. डोळे चमकत होते, बोलणं घरंगळत होतं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. पण मला बघून तिने माझं मनगट घट्ट धरलं. "आक्का, मला छान वाटतंय. लई छान वाटतंय. झोप नकोच वाटतीय. म्हणून मी आईला पहाटंच सांगितलं, हे बरोबर नाही, ने मला." तेवढं सांगून ती पुन्हा घरंगळली. मला आमच्यातला फरक तेव्हा कळला. मी याच ठिकाणी होते तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, म्हणून तिला दार शोधता आलं.

बाकीचं मला अण्णांनी सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. पहाटे पोरीने सांगितल्यावर आई गप्पच होती. माझा फोन तिने ठेवला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बसली. ज्या उंबऱ्यावर बसायचं नसतं त्याच. बराच वेळ पोरीकडे बघत राहिली. तेवढ्यात काकू आणि गल्लीतल्या चारजणी पूजेची तयारी करायला आल्या. बहीण त्यांच्याशी भराभर बोलायला लागली. काकूचे डोळे मोठे झाले, तिचा हात पदराकडे गेला. आणि आई उठली.

"पदर घिऊ नका," ती म्हणाली. "आज पूजा न्हाई. पोरीला बरं न्हाई. डोक्याचं हाय. थोरलीला बी तेच झालतं, कावीळ बिवीळ काय न्हवती. लातूरला नेतोय आमी."

काकू म्हणाली, "अगं बाई, पण सटवाई यील की सांजच्याला!"

"यिऊ दे लातूरला. तिला काय रस्ता ठाव न्हाई?"

अण्णा हे सांगताना हसत होते आणि डोळे पुसत होते. मी तर हसू की रडू अशी झाले. बाळाच्या पाचवीला गल्लीसमोर असं बोलायला काय लागतं, ते आमच्या गल्लीत राहिल्याशिवाय कळायचं नाही.

त्याच दिवशी औषध सुरू झालं. बहीण झोपली. तिच्या सटवाईला बोलायची सवडच मिळाली नाही. दोन-चार दिवस जड गेले, तिने आरडाओरडा केला, नवऱ्याला ओळखून न ओळखल्यासारखं केलं, आणि तो बिचारा दुपटी धुऊन वाळत घालत राहिला. पण मी जिथवर गेले होते तिथवर ती गेली नाही. पोरगं तिला एक दिवसही परकं झालं नाही. पुढे औषध बरेच दिवस चालू राहिलं, डॉक्टरांकडे जाणं चालू राहिलं. आता ती किनवटला आहे आणि पोरगं आश्रमशाळेतल्या सगळ्या पोरींच्या कडेवर फिरतं.

दवाखान्यातली एक दुपार मात्र सांगायची राहिली. बहीण झोपली होती. आई बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. खालच्या मजल्यावर बाळंतपणाचा विभाग, तिथल्या बाया गर्दी झाली की वर येऊन बसायच्या. तशी एक आली. विशीतली असेल, पोट चांगलं पुढे आलेलं, बरोबर सासू. तिने बाळाकडे बघून विचारलं, "तुमचा नातू का, मावशी? मंग त्याची आई कुठंय?"

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता आई काहीतरी रचणार.

"आत निजलीय," आई म्हणाली. "बाळंतपण झालं आन् तिची झोप गेली. भरमल्यावानी करायली. हा बी एक आजार अस्तोय बाई. आमाला ठाव हुतं म्हणून बरं, येळंला आणली."

सासूने सुनेचा दंड धरला. "चल गं तिकडं. अवो मावशी, गरवार बाईच्या कानावर असलं घालत्यात का?"

"म्या बी असंच म्हणत हुते," आई म्हणाली. "माझी थोरली लेक हाय न्हवं, ती त्या पायी तान्ह्या पोरीला घिऊन हिरीच्या वाटंला लागली हुती. तवा तिच्या कानावर कुणी काय बी घातलं न्हवतं."

सासूचा हात सैल झाला. सून तशीच उभी होती, एक हात पोटावर. मग तिने हळूच विचारलं, "मंग वळखायचं कसं, मावशी?"

आईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सरकून तिला बाकावर जागा करून दिली.